पंप बदलण्याआधी तो एकदा हातात धरून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 16 फुटी ओढायचा ट्रेलर, त्यात 12 व्होल्टचा पाण्याचा पंप, तो पलंगाच्या खोक्यात बसवलेला. रात्री कुणी बाथरूमला उठून नळ उघडला की सगळा ट्रेलर घुमतो. सासूबाई दचकून जाग्या होतात आणि मग पहाटेपर्यंत त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. भंडारदऱ्याला सलग दोन रात्री हेच झालं. दुकानदार म्हणतो, हा पंपच आवाजाचा, वरच्या किमतीचा घ्या. घ्यावा का?

अजून घेऊ नका. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गेली 14 वर्षं गाड्यांच्या आतलं फिटिंग करतो. आधी रुग्णवाहिका, मग फिरते दवाखाने आणि फूड ट्रक, आणि 2021 साली राज्याचं कॅराव्हॅन धोरण आल्यापासून हळूहळू कॅराव्हॅन आणि ट्रेलर. पंपाच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्या जुन्याच पंपासकट शांत होऊन परत गेल्या. या प्रकारात पंपाचा स्वतःचा आवाज थोडा असतो. पंप ज्याला चिकटलाय आणि ज्या पाइपांना जोडलाय, ती मंडळी खरा गोंगाट करतात. म्हणून पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. तिला एक स्क्रूड्रायव्हर आणि नळ उघडायला घरातलं एक माणूस, एवढंच लागतं.

गादी उचला, पंपाचे चारही स्क्रू काढा. पाइप आणि वायरी तशाच राहू द्या, फक्त वायरीचे जोड उघडे असतील तर त्यांना आधी टेप गुंडाळा. पंप दोन्ही तळव्यांत घेऊन प्लायपासून दोन बोटं वर उचला आणि नळ उघडायला सांगा. हाताला मुंग्या येतील इतका तो थरथरेल, पण बहुधा आवाज एकदम खाली बसेल, नुसती घुरघुर राहील. आता नळ चालू असतानाच पंप हळूहळू खाली आणा. त्याच्या रबरी पायांनी प्लायला स्पर्श केला की आवाज कसा फुगतो ते ऐका. पुन्हा उचला, पुन्हा टेकवा. असं तीन-चार वेळा केलं की आवाज कुठून येतो ते मला सांगावं लागणार नाही.

उचलल्यावरही आवाज फारसा कमी झाला नाही, तर दुसऱ्या माणसाला पाइप मुठीत घट्ट धरायला सांगा, विशेषतः जिथे तो भिंतीत किंवा कपाटाच्या भोकात शिरतो तिथे. मूठ आवळली की आवाज दबत असेल, तर कंपनं पाइपातून चालली आहेत. पंप हातात, पाइप मुठीत, आणि तरीही कर्कश आवाज येत असेल, तरच दोष पंपात किंवा त्याला पाणी पुरवणाऱ्या बाजूला आहे. तीन शक्यता, तिन्हींचे उपाय वेगळे.

आवाज होतो कसा ते समजलं की पुढचं काम डोळसपणे करता येतं. या पंपात मोटार एक तिरकी चकती फिरवते आणि ती चकती रबरी पडद्याच्या तीन कप्प्यांना आळीपाळीने दाबते, काही पंपांत कप्पे चार-पाच असतात. त्यामुळे पाणी सलग धारेने सरकत नाही, धक्क्याधक्क्याने सरकतं. आपल्या भागात बागेत पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप चालताना सगळ्यांनी ऐकलाय. त्याच्या पोटात याच जातीचं यंत्र असतं, आणि घरच्या आरओच्या डब्यातही. हे धक्के दोन वाटांनी बाहेर पडतात. एक वाट पंपाच्या पायांतून लाकडात जाते, दुसरी पाइपातून आणि पाइपातल्या पाण्यातून. एक वाट बंद केली आणि दुसरी उघडी ठेवली तर माणूस म्हणतो, एवढं करूनही फरक नाही. दोन्ही बंद करायच्या.

आधी लाकूड. पलंगाचं खोकं म्हणजे 6 किंवा 9 मिलिमीटरच्या प्लायचा, आतून पोकळ, वरून ताणलेला डबा. ढोलकी याच तत्त्वावर वाजते. मोबाईल व्हायब्रेशनवर टाकून एकदा स्टीलच्या कपाटावर ठेवा आणि एकदा गोधडीवर. फोन तोच असतो, पण कपाटावर त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. तुमचा पंप सध्या कपाटावर आहे, आणि त्याच कपाटावर सासूबाईंची उशी आहे.

पंपाला कंपनीकडून चार रबरी पाय येतात. रबर असूनही आवाज का, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा स्क्रूत सापडतं. बसवणारा ड्रिल मशिन लावून स्क्रू कडकडीत आवळतो, रबर चेपून चपटं होतं, आणि चेपलेलं रबर लाकडाइतकंच कडक वागतं. स्क्रू इतकाच फिरवायचा की वॉशर रबराला टेकेल आणि पंप बोटाने ढकलला तर किंचित डुलेल. नुसतं हे केल्याने आवाज अर्ध्यावर आलेला मी पाहिलाय. त्यात दहा मिनिटं जातात, खर्च काही नाही. ट्रेलर बरीच वर्षं उन्हात उभा असेल तर रबर नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल तर ते पाय बदलायचे.

तेवढ्याने भागलं नाही तर पंपाखाली वजन आणि वजनाखाली मऊपणा द्यायचा. यासाठी मी शहाबादी फरशीचा तुकडा वापरतो. 20 बाय 25 सेंटिमीटरचा, इंचभर जाडीचा तुकडा तीन किलोच्या आसपास भरतो. फरशीवाल्याकडे कापताना उरलेले असे तुकडे पडलेले असतात. त्यावर 12 मिलिमीटर प्लाय चिकटवायची, प्लायवर पंप स्क्रूने, हलक्या हाताने बसवायचा, आणि फरशीच्या खाली चार कोपऱ्यांना मऊ रबराचे किंवा योगा मॅटचे दोन-तीन थरांचे तुकडे द्यायचे. जड वस्तूला पंप सहज हलवू शकत नाही, आणि जी थोडी हलते तिची हालचाल मऊ थर पुढे जाऊ देत नाही. फक्त वजन किंवा फक्त मऊपणा अर्धवट काम करतो. मऊ थरही फार पसरून देऊ नका. पूर्ण फरशीखाली मॅट अंथरली तर ती वजनाने दबतच नाही आणि स्प्रिंगचं काम करत नाही. कोपऱ्यांना बिस्किटाएवढे तुकडे पुरतात.

पण ताई, ही फरशी चालत्या गाडीत आहे हे विसरू नका. कसारा घाट उतरताना जोरात ब्रेक लागला तर सुटी तीन किलोची फरशी धोंड्यासारखी पुढे येईल आणि पाण्याचे पाइप उपटून नेईल. तिच्या चारही बाजूंना फ्रेमला पक्की ठोकलेली लाकडी पट्टी हवी, पट्टी आणि फरशीत बोटभर फट, त्या फटीत सैलसर फोम, आणि वरून एक कापडी पट्टा, तोही ताणून न बांधता. फरशी उडू नये आणि तरी कुठे घट्ट टेकू नये, एवढं साधायचं. हे कुणाकडून करून घेणार असाल तर काम झाल्यावर फरशी हाताने ढकलून, उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा बदलता येत असेल तर त्याहून बरं. पलंगाच्या खोक्याऐवजी पंप थेट चॅसिसच्या लोखंडी आडव्या पट्टीच्या वर, जमिनीच्या जाड प्लायवर बसवला तर तो भाग मुळात कमी घुमतो. पाण्याच्या टाकीपासून मात्र लांब नेऊ नका. ओढणारा पाइप जितका छोटा आणि सरळ, तितका पंप कमी कण्हतो.

आता पाइप. बहुतेक जण इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेल्या पावसाळ्यानंतर दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार ट्रेलर घेऊन आले होते. त्यांचा पंप एकदा बदलून झाला होता. नवा पंप, नवा खर्च, आवाज तोच. आमच्याकडे दिवसा शेजारच्या पॉवर प्रेसच्या धडधडीत पंपाचा आवाज धड कळत नाही, म्हणून वसाहतीला सुट्टी असते त्या दिवशी ट्रेलर घेतला. पंप हातात उचलला, आवाज जेमतेम उतरला. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक पाइपावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवायची, जुने मेकॅनिक इंजिनचा आवाज असाच शोधतात. पंपाजवळ टर्र, पुढच्या एल्बोवर टर्र, आणि कपाटाच्या मागे गेल्यावर तर आवाज दुप्पट. मागची फळी काढली तर पाणी सीपीव्हीसी पाइपातून नेलेलं. घरच्या बाथरूममध्ये बसवतात तोच पाइप, सोल्यूशनने चिकटवलेला, थेट पंपाच्या तोंडापासून शॉवरपर्यंत. वाटेत प्लायची पाच भोकं, आणि प्रत्येक भोकात पाइप घट्ट रुतून बसलेला. म्हणजे पंपाला पाच ठिकाणी भिंत ठोकायला पाच हातोड्या दिल्यासारखं. एका जोडाला केसासारखी चीरही गेली होती. कडक पाइप सतत थरथरला की आज ना उद्या जोडाजवळ तडकतोच.

आम्ही तो सगळा पाइप काढला नाही, फक्त पंपाच्या दोन्ही बाजूंचा पहिला अर्धा-अर्धा मीटर कापून तिथे जाळीचा, म्हणजे अंगात दोऱ्याची जाळी विणलेला, लवचिक पाइप टाकला. भोकं रुंद केली आणि पाइपाला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चढवला. जिथे फोम मावेना तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. संध्याकाळी त्यांनी स्वतः नळ उघडला आणि पंप चालू झालाय का हे बघायला वाकून खाली पाहिलं.

तुम्हीही हेच करा. पंपाच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही तोंडांना अर्धा इंची, पिण्याच्या पाण्याला चालणारा जाळीचा पाइप, प्रत्येकी 45 ते 50 सेंटिमीटर. तो ताणून सरळ जोडायचा नाही, सैल वळण देऊन जोडायचा. ताणलेला लवचिक पाइप कडक पाइपासारखाच कंपनं पुढे नेतो. वळणात तो कुठे लाकडाला घासत नाही ना, हेही बघा. ओढणाऱ्या बाजूला पातळ पाइप अजिबात नको, तिथे आत खेच असते आणि पातळ पाइप चिपून बसतो. मग पाणी अडतं आणि पंप ओरडतो. त्या बाजूला आत तारेचं वेटोळं असलेला पाइप मिळाला तर उत्तम. होज क्लॅम्प दोन्ही टोकांना लावा, आणि पंपाच्या प्लास्टिकच्या आट्यांवर पान्याने जोर करू नका. त्या हाताने आवळून, रबरी वॉशरवर बसायच्या असतात. टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने पिळलेल्या तोंडांना चिरा गेलेले पंप माझ्याकडे दर महिन्याला येतात.

पुढे पाइप भिंतीला धरायला रबर लावलेले क्लॅम्प वापरा. नुसती प्लास्टिकची खिळेवाली क्लिप पाइपाची थरथर जशीच्या तशी भिंतीला देते. शॉवरमागची आणि किचनच्या सिंकखालची भोकं विसरली जातात, ती आवर्जून तपासा. अंधारात, सगळे झोपले असताना स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरलात तर दोषी भोक पाच मिनिटांत सापडेल.

ओढणाऱ्या बाजूचे दोष वेगळ्या आवाजाने ओळखू येतात. टाकी आणि पंपाच्या मध्ये एक छोटी जाळी असते, बहुधा पारदर्शक वाटीत. ती पंपाच्या आधीच हवी, नंतर नाही. शेतावरच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी दोनदा भरलं की त्यात बारीक गाळ साचतो, पाणी कमी येतं आणि पंपाचा सूर चढतो, खरखरीत होतो. वाटी उघडून जाळी धुवा. त्या वाटीत नळ चालू असताना बुडबुडे सतत दिसत असतील तर कुठल्या तरी जोडातून हवा आत ओढली जातेय. हवा आणि पाणी मिसळून आलं की पंप लडखडत चालतो, मधेच सुसाट, मधेच जड. असा जोड बाहेर पाणी गळत नाही, म्हणून नजरेला सापडत नाही. ओढणाऱ्या बाजूचा एकेक क्लॅम्प आवळत बुडबुडे बघत राहा. आणि टाकीचा हवेचा पाइप, जो बाहेर चिलटांच्या जाळीपर्यंत गेलेला असतो, तो कुंभारमाशीने मातीने लिंपलेला नाही ना, हे बघा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर हे हमखास निघतं. हवा आत जाऊ शकली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला त्या पोकळीशी झगडावं लागतं.

आता रात्रीचा खास प्रश्न. सासूबाई पंपाच्या घुरघुरीपेक्षा त्याच्या अचानक सुरू होण्याने दचकतात असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. हात धुवायला नळ थोडासा उघडला की पंप टर्र करून थांबतो, परत टर्र, परत थांबतो. असं का होतं? पंपाच्या डोक्यावर दाबाचा स्विच असतो. पाइपात दाब भरला की तो पंप बंद करतो, दाब उतरला की चालू. अनेक पंपांत बंद होण्याचा दाब 45 ते 55 पीएसआय (चाकातली हवा मोजतात तेच माप) असतो, पंपावरच्या चिठ्ठीवर तो लिहिलेला असतो, आणि चालू होण्याचा दाब त्याच्या 10-15 ने खाली. पाणी दबत नाही. त्यामुळे बंद पाइपात एक घोट पाणी गेलं की दाब एकदम चढतो आणि एक घोट निघालं की एकदम उतरतो. म्हणून ही उघडझाप.

यावर एक उपाय नक्की लागू पडतो, छोटी दाबटाकी. द्राक्षवाल्यांनी ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरवरच्या एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या, पंपाच्या डोक्यावरचा गोल घुमट पाहिलाय, त्याला एअर चेंबर म्हणतात. त्यातली हवा प्रत्येक धक्का गिळते आणि नोझलला सलग धार देते. ट्रेलरमध्ये हेच काम एक-दोन लिटरची टाकी करते, जिच्या पोटात रबरी फुगा असतो, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ती पंपाच्या पुढे, लवचिक पाइप संपला की, नळांच्या फाट्यांच्या आधी टी टाकून जोडायची. फुगा पिण्याच्या पाण्यासाठीचाच असल्याची खात्री करून घ्या.

हवेची बाजू बहुतेक जण बघतच नाहीत, आणि सगळं तिच्यावरच असतं. टाकीला गाडीच्या चाकासारखाच वॉल्व्ह असतो. पंप बंद करा, सगळे नळ उघडून दाब पूर्ण काढून टाका, आणि मग सायकलच्या पंपाने हवा भरा. किती? पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्या दोन पीएसआय खाली. समजा तुमचा पंप 55 ला बंद आणि 40 ला चालू होतो, तर 38. चाकात हवा मोजायचा गेज चालतो. एक लिटरची टाकी अशी भरली तर पंप बंद होण्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत सुमारे 200 मिलिलिटर पाणी मिळतं, म्हणजे एक पेला. हवा भरायचीच राहिली आणि टाकी तशीच जोडली, तर तेच पाणी जेमतेम 60 मिलिलिटर होतं. आणि हवा 40 च्या वर भरली तर पंप चालू होण्याआधीच टाकी रिकामी होते आणि नळ मधेच आचका देतो. त्यामुळे टाकी बसवून फरक पडला नाही असं कुणी म्हणालं तर मी आधी गेज लावतो. दर दोन-तीन महिन्यांनी हवा तपासा, रबरातून ती थोडी-थोडी निघून जाते.

टाकी दोन लिटरची घेतलीत आणि रात्री झोपताना पंपाचं बटण बंद केलंत, तर पाइपात पूर्ण दाब भरलेला असताना जवळजवळ अर्धा लिटर पाणी पंपाशिवाय मिळतं. रात्री एकदा-दोनदा हात धुवायला तेवढं पुरतं. पंपाचं एक बटण पलंगाच्या उशाशी घ्या, इलेक्ट्रिशियनला तासाभराचं काम आहे. सासूबाईंसाठी सगळ्या उपायांत मला हा सर्वांत आधी करावासा वाटतो.

एक गोष्ट मात्र तपासा: नळ बंद असतानाही पंप तास-दोन तासांनी आपोआप एक झटका घेतो का? घेत असेल तर कुठेतरी पाणी सुटतंय. नळाचा वायसर, कमोडचा फ्लश, गीझरचा सेफ्टी वॉल्व्ह, सगळं कोरड्या टिश्यू पेपरने पुसून बघा. काही सापडलं नाही तर पंपाच्या पुढचा कॉक बंद करून रात्रभर ठेवा. तरीही झटका आला, तर पाणी पंपातल्या पडद्यांच्या झडपेतून मागे टाकीत जातंय. झडपेत गाळाचा कण अडकलेला असतो किंवा ती झिजलेली असते, तेव्हा पंप उघडावा लागतो.

काही पंपांत आत बायपासची स्प्रिंग असते. नळ थोडा उघडला की जास्तीचं पाणी पंपातच फिरतं, त्यामुळे उघडझाप होत नाही. तुमचा तसा असेल तर दाबटाकी जोडण्याआधी त्याच्याबरोबरचा कागद वाचा, दोन्ही उपाय एकत्र नेहमी जमत नाहीत.

विजेबद्दल थोडंच सांगतो. असा पंप पूर्ण दाबाला 7-8 अँपिअर घेतो. बॅटरीपासून 6 मीटर लांब पंपाला 1 स्क्वेअर मिलिमीटरची तार टाकली असेल, तर जाऊन-येऊन 12 मीटरच्या तारेतच साधारण दीड व्होल्ट गळून जातो. मग पंप दाबापर्यंत पोचायला वेळ लावतो आणि नळ बंद केल्यावरही कण्हत राहतो. 4 स्क्वेअरची तार टाकली तर ही गळती पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. फ्यूज पंपावर सांगितलेलाच ठेवा. उलट बाजूही लक्षात घ्या: चार्जर चालू असताना बॅटरी 14 व्होल्टच्या वर जाते आणि पंप जास्त वेगाने, जास्त आवाजात चालतो. घरी चार्जरवर लावून ऐकलेला आवाज आणि धरणाच्या काठी रात्री ऐकलेला आवाज यांची तुलना करू नका. हिवाळ्यात निफाडकडे पारा एका आकड्यात उतरतो तेव्हा लोक म्हणतात, थंडीत पंप बिघडला. थंडीत पंखा बंद असतो, खिडक्या बंद असतात, म्हणून तोच आवाज मोठा ऐकू येतो. शिवाय जाळीचा पीव्हीसी पाइप थंडीत कडक होतो, सैल वळण ठेवायचं ते त्यासाठीही.

आवाज कोंडण्याच्या उपायांवर माझा फारसा भर नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल लावलेली खोकी मी काढून टाकलेली आहेत. त्यांनी थरथर थांबत नाही आणि ते पेटही घेतात. पंप चहूबाजूंनी फोमच्या डब्यात बंद केला तर मोटार तापते, आतला थर्मल कट-आउट पडतो आणि भर अंघोळीत पाणी थांबतं. करायचंच असेल तर पलंगाच्या फळीला आतून गाड्यांच्या दारांना लावतात ती डॅम्पिंग शीट चिकटवा, कडेला नाही, फळीच्या मध्यावर, जिथे ती जास्त घुमते. पूर्ण फळी मढवायची गरज नाही, मधला तिसरा हिस्सा पुरतो. पण हे पंप आणि पाइपाचं काम झाल्यावर. आधी केलंत तर पैसे शीटवर जातील आणि पाच भोकं तशीच वाजत राहतील.

मग पंप कधी बदलायचा? हातात धरून, पाइप मोकळा सोडून, जाळी धुऊनही मोटारीतून किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग गेलंय. जोड कोरडे असूनही पंपाच्या अंगावर ओल दिसत असेल तर पडदा फाटलाय. तेव्हा बदला, आणि तेव्हाही मोठा नको. मिनिटाला 11 लिटरचे पंप सर्रास विकले जातात, पण तुमच्या ट्रेलरमध्ये एका वेळी एकच नळ चालतो आणि नळाला चार-पाच लिटर पुष्कळ होतात. लहान पंप कमी धडधडतो आणि टाकीतलं पाणीही जास्त दिवस पुरतं. टाकीतच बुडवून ठेवायचे छोटे पंपही मिळतात, पाण्यात असल्यामुळे ते फार शांत असतात. पण त्यांचा दाब कमी, आणि त्यांना स्विचवाले नळ आणि नळापर्यंत वायर लागते. बांधून झालेल्या ट्रेलरमध्ये ती फोडाफोड मी सुचवणार नाही.

तुमच्याकडून चाचणीचा निकाल कळवा: पंप उचलल्यावर आवाज किती उतरला, पाइप धरल्यावर किती, आणि नळ बंद असताना पंप आपोआप सुरू होतो का. पंपावरच्या चिठ्ठीचा फोटोही पाठवा, म्हणजे हवेचा आकडा तुमच्या पंपाप्रमाणे सांगता येईल. अंबडला ट्रेलर आणणार असाल तर सुट्टीच्या दिवशी आणा, आणि पाण्याची टाकी निदान अर्धी भरून आणा. रिकाम्या टाकीवर यातलं काहीच तपासता येत नाही.